कम्युनिकेशन स्किल्सची शनिवार-रविवार बॅच, नौपाडा, ठाणे पश्चिम: सविस्तर रिव्ह्यू

आधी एक गोष्ट क्लिअर करते, स्टेजवर भाषण करायला शिकायचं असेल तर इथे ॲडमिशन घेऊ नका. माइक कसा धरायचा, हात कुठे ठेवायचे, पीपीटी कशी बनवायची, ह्यातलं काही इथे होत नाही आणि शिकवणाऱ्या मॅडम डेमो लेक्चरलाच तसं स्पष्ट सांगतात. इथे शिकवतात ते म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसल्यावर, किंवा सहा-आठ जणं गोल बसून एखादं काम करत असताना, नेमकं काय चालू असतं आणि त्यात आपण काय करतो. आणि माझं तर ठाम मत आहे की आपल्यापैकी बहुतेकांना गरज ह्याचीच जास्त आहे. स्टेजवर वर्षातून एकदा जायची वेळ आली तर आली, पण मीटिंग, हँडओव्हर, सोसायटीची कमिटी, घरातला एखादा मोठा निर्णय, हे तर रोजचंच आहे.

मी महापेला एका औषध कंपनीच्या क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमधे आहे, तीन शिफ्टमधे काम चालतं, आणि ह्या वर्षी माझ्याकडे सेक्शन आला म्हणजे आठ जणांची टीम. तेव्हापासून मी असा क्लास शोधत होते. ठाण्यात बोर्ड तर पावलापावलावर आहेत, पण वर जाऊन चौकशी केली की निघतं काय, एकतर स्पोकन इंग्लिश नाहीतर इंटरव्ह्यूची तयारी नाहीतर एमबीएवाल्या मुलांसाठी जीडी म्हणजे ग्रुप डिस्कशन. सगळे चांगलेच असतील, माझी काही तक्रार नाही, पण माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसाला, जिचं बोलताना काही अडत नाही पण टीममधे काम करून घ्यायचंय, तिच्यासाठी काही मिळत नव्हतं. ह्या क्लासचं मला ऑफिसमधल्या एका मैत्रिणीकडून कळलं. आणि मुख्य म्हणजे सगळं मराठीत आहे, हे माझ्यासाठी खूप मोठं होतं. आपण भांडतो मराठीत, समजूत काढतो मराठीत, मग ते कसं करायचं हे इंग्लिशमधे शिकून वापरायच्या वेळी तोंडात येत नाही.

प्रॅक्टिकल माहिती आधी देऊन टाकते. स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी, दोन-दोन तास, दोन महिन्यांची बॅच. फी साडेआठ हजार, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. टू व्हीलर लावायला जागा मिळते, फोर व्हीलर घेऊन आलात तर अर्धा तास आधी निघा. नवी मुंबईहून येणाऱ्यांना ट्रान्सहार्बर सोयीची पडते, माझ्या बॅचला ऐरोली, घणसोलीची मंडळी होतीच.

खोलीत टेबलं नाहीत. फक्त खुर्च्या, गोलात. पहिल्या दिवशी मला ते थोडं अवघड वाटलं, कारण वही ठेवायला जागा नाही, पर्स मांडीवर. पण नंतर लक्षात आलं की टेबल असलं की माणूस त्याच्या मागे बसतो, आणि इथे लपायला जागाच नाही. गावाकडे बचत गटाच्या बायका सतरंजीवर बसतात तसंच, सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात, कोण गप्प आहे, कोण घड्याळ बघतंय, सगळं.

ओळख करून देण्याचा प्रकार इथे वेगळा आहे. आपली ओळख आपण द्यायचीच नाही, शेजारच्याशी पाच मिनिटं बोलायचं आणि मग गटाला त्याची ओळख करून द्यायची. इथपर्यंत बऱ्याच ट्रेनिंगमधे करतात. पण इथे पुढची पायरी आहे, ज्याची ओळख दिली त्याने नंतर सांगायचं की माझं काय राहिलं आणि काय चुकीचं ऐकलं गेलं. बाप रे. जवळपास प्रत्येकाचं काहीतरी राहिलं होतं, आणि गंमत म्हणजे राहिलेलं बहुतेक वेळा तेच होतं जे त्या माणसाला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं. नोकरी, गाव, मुलं किती हे सगळ्यांनी बरोबर सांगितलं, आणि "मी दोन वर्षांनी पुन्हा कामाला लागलेय" हे वाक्य मात्र हवेत गेलं.

पुढच्या दोन-तीन सेशन फक्त ऐकण्यावर होत्या. तिघांचा गट करायचा, एक बोलणार, एक ऐकणार, एक फक्त बघणार. ऐकणाऱ्याने आपलं मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, "माझ्याबरोबर पण असंच झालं" म्हणायचं नाही. त्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि बोलणारा "हो, हेच म्हणायचंय मला" असं म्हणेपर्यंत ते करत राहायचं. मॅडमनी सांगितलं की कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन ह्या दोघांनी १९५७ साली ह्याला ॲक्टिव्ह लिसनिंग असं नाव देऊन मांडलं, आणि रॉजर्स मुळात मानसोपचारातला माणूस, समोरच्याला पूर्ण समजून घेतल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवायचं नाही हे त्याचं सगळं काम.

माझ्या तिघांच्या गटात जे झालं ते त्या काकांना विचारून इथे लिहितेय, कारण खोलीत बोललेलं बाहेर न्यायचं नाही असा इथला नियम आहे आणि तो सगळे पाळतात. काका रिटायर्ड, डोंबिवलीला राहतात. मुलगा राहतं घर विकून मोठं घ्यायचं म्हणतोय हा विषय. ऐकायला एक आयटीवाला मुलगा होता, सव्वीस-सत्तावीसचा, अतिशय हुशार आणि मनाने चांगला. काकांचं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याने सुरू केलं की काका तिकडे रेट काय चाललाय, लोन कसं बसेल, कॅपिटल गेन्सचं काय. मॅडमनी हात वर केला, परत. मग तो म्हणाला "तुम्हाला घर विकायचं नाहीये". काका म्हणाले नाही, तसं नाही. "तुम्हाला जुन्या घराची सवय झालीय". काका म्हणाले आहे सवय पण ते नाही. मग मुलगा गप्प बसला, खरंच गप्प बसला, आणि काकांकडे बघत राहिला. आणि थोड्या वेळाने काका स्वतःच बोलले, "विकायला माझी काहीच हरकत नाही रे, एजंटला फोटो पाठवून झाले आणि मग मला सांगितलं". मुलगा म्हणाला, "म्हणजे तुम्हाला आधी विचारायला हवं होतं". आणि काका म्हणाले, "हो. हेच". एवढंच झालं. मी बघणारी होते, माझ्या हातातल्या कागदावर मी काही लिहिलंच नव्हतं. रेट आणि लोनवर ते दोघं तासभर बोलले असते आणि दोघांनाही वाटलं असतं की छान चर्चा झाली.

आता गटाबद्दल, कारण ह्या क्लासचं खरं बलस्थान ते आहे.

एक दिवस चंद्रावर अडकलेल्या माणसांचा खेळ घेतला. हा खूप जुना आणि जगभर वापरला जाणारा खेळ आहे, जे हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बनवलेला. तुमचं यान ठरलेल्या जागेपासून लांब उतरलंय, पंधरा वस्तू शाबूत आहेत, ऑक्सिजनच्या टाक्या, पाणी, नायलॉनचा दोर, होकायंत्र, काड्यापेटी, दुधाची पावडर वगैरे, त्यांना महत्त्वानुसार नंबर द्यायचे. आधी प्रत्येकाने एकट्याने, मग गटाने बोलून एक यादी. नंतर नासाच्या उत्तराशी ताडून बघायचं, फरक जितका कमी तितकं चांगलं. नासाच्या यादीत ऑक्सिजन पहिला, पाणी दुसरं, ताऱ्यांचा नकाशा तिसरा, आणि होकायंत्र चौदावं, काड्यापेटी पंधरावी म्हणजे सगळ्यात शेवटी. कारण चंद्रावर हवाच नाही तर काडी पेटणार कशी, आणि पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र नाही तर होकायंत्र दाखवणार काय.

आमच्या गटात एक गृहस्थ होते, आवाज खणखणीत, त्यांनी होकायंत्र वरच्या पाचात पाहिजेच म्हणून लावून धरलं. दिशा कळल्याशिवाय जाणार कुठे, असं. कळव्याची एक मुलगी होती, ती हळूच म्हणाली की तिथे होकायंत्र चालणार नाही ना. कोणी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं असेल, पण कोणी काही बोललं नाही, विषय पुढे गेला. नंतर तिने परत काड्यापेटीबद्दल म्हटलं, तेही तसंच गेलं. मग दहा मिनिटांनी दुसऱ्या एकाने मोठ्याने म्हटलं, अरे काडी पेटणारच नाही तिथे, आणि सगळे वा वा करत मान डोलवायला लागले. काड्यापेटी खाली गेली, होकायंत्र वरच राहिलं. शेवटी मार्क काढले तर त्या मुलीची एकटीची यादी आमच्या सगळ्या गटाच्या यादीपेक्षा चांगली निघाली.

ह्यावर मॅडम कोणावर चिडल्या नाहीत, कोणाला लेक्चर दिलं नाही. त्यांच्या दोन असिस्टंट कोपऱ्यात बसून कागदावर काहीतरी करत होत्या, तो कागद आमच्यासमोर ठेवला. त्यावर आमची नावं गोलात लिहिलेली आणि कोण कोणाशी बोललं त्याच्या रेघा. खणखणीत आवाजवाल्या गृहस्थांकडून रेघांचं जाळं सुटलेलं, आणि कळव्याच्या मुलीकडून तीन-चार रेघा गटाच्या मधोमध जाऊन थांबलेल्या, तिच्याकडे परत येणारी एकही नाही. शिवाय बोलणं कुठल्या प्रकारचं होतं त्याच्या खुणा वेगळ्या, सुचवलं, मत दिलं, माहिती विचारली, सहमती दाखवली, विरोध केला. ही पद्धत हार्वर्डच्या रॉबर्ट बेल्सची, १९५० ची, त्यात असे बारा प्रकार आहेत. आमच्या कागदावर मत देण्याच्या खुणा भरून वाहत होत्या आणि दुसऱ्याचं मत विचारण्याच्या रकान्यात जवळजवळ काही नव्हतं. पाऊण तासाच्या चर्चेत "तुला काय वाटतं" हे आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं!! ते गृहस्थ तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले होते, आणि पुढच्या सेशनपासून त्यांनी जो बदल केला तो मी डोळ्यांनी पाहिलाय, बोलायच्या आधी गोलात एक नजर फिरवायचे आणि मग नाव घेऊन विचारायचे.

ह्या एका कागदासाठी मी साडेआठ हजार परत भरीन. कोणी आपल्याला सांगितलं की तू जास्त बोलतोस, तर आपण म्हणतो तुझं ते मत झालं. कागदावरच्या रेघांशी काय वाद घालणार.

पुढे ह्याच धाग्यावर बरंच झालं. आयडिया काढायच्या असतील तर सगळ्यांनी एकत्र बसून एकदम ओरडायला सुरुवात करायची, ही जी ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत ऑफिसमधे चालते, ती जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑस्बॉर्नने लोकप्रिय केली. पण १९५८ साली येल विद्यापीठात तपासून बघितलं तेव्हा निघालं की तितकीच माणसं वेगवेगळी बसून लिहितात तेव्हा जास्त आयडिया निघतात. कारण साधं आहे, गटात एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीचे आपला नंबर येईपर्यंत थांबतात आणि तोपर्यंत डोक्यातलं निसटून जातं किंवा वाटतं जाऊदे. म्हणून इथे पद्धत अशी की आधी पाच मिनिटं सगळे गप्प, चिठ्ठीवर लिहा, मग गोलात प्रत्येकाने एक-एक वाचायची, तोवर कोणी टीका करायची नाही, आणि चर्चा त्यानंतर. मी हे लगेच लॅबमधे सुरू केलं. आमच्याकडे एक ज्युनियर केमिस्ट आहे, मीटिंगमधे चकार शब्द काढत नाही, त्याच्या चिठ्ठीवर सॅम्पल रिसीव्ह करायच्या रजिस्टरबद्दल जी सूचना आली ती आम्ही अजून वापरतोय.

सोसायटीच्या मीटिंगचा मॉक पण घेतात आणि तो ठाणेकरांना फारच जवळचा आहे. नौपाड्यात तर हल्ली दर तिसऱ्या बिल्डिंगमधे रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असते. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते, पण मॅडमचा मुद्दा असा की कायद्याचं गणित जमलं म्हणजे माणसं जमली असं होत नाही, उरलेल्यांबरोबर पुढची तीन-चार वर्षं काढायचीच असतात. आम्हाला प्रत्येकाला भूमिका दिल्या, सेक्रेटरी, घाई असलेले तरुण जोडपं, तळमजल्याच्या एकट्या राहणाऱ्या आजी, ज्यांना जाण्यायेण्यालाच सोबत लागते. मला आजी मिळाल्या. सगळे माझ्याशी इतके गोड बोलत होते, "आजी तुम्ही काळजी करू नका, आम्ही आहोत ना", आणि मला खरंच राग येत होता, कारण भाड्याचं घर कितव्या मजल्यावर असेल हा माझा साधा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कोणी देत नव्हतं. धीर देणं आणि उत्तर देणं ह्यातला फरक मला त्या खुर्चीत बसल्यावर कळला.

त्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या १९५१ च्या प्रयोगाबद्दल सांगितलं, रेघांची लांबी ओळखायची, डोळ्यांना उत्तर स्पष्ट दिसतंय, पण आधीचे सगळे जण मुद्दाम चुकीचं उत्तर देतात आणि मग बऱ्याच लोकांनी एकदा तरी त्यांच्यामागे जाऊन चुकीचं उत्तर दिलं. पण त्याचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही तो मॅडमनी सांगितला, गटात नुसता एक माणूस जरी वेगळं बोलला तरी हे मागे जाण्याचं प्रमाण एकदम खाली येतं. म्हणून मीटिंगमधे कोणी एकटा विरोधात बोलत असेल तर त्याचं म्हणणं पटो न पटो, त्याला पूर्ण बोलू द्यायचं, त्याच्यामुळे अजून दोघं तोंड उघडणार असतात.

गट कसा घडतो त्याच्या, मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमनच्या पायऱ्या पण शिकवतात, १९६५ च्या, गट जमतो, भांडतो, नियम बसवतो आणि मग कामाला लागतो, ह्या बहुतेकांना माहीत असतात त्यामुळे त्यावर मी जास्त लिहीत नाही. फक्त एवढंच की भांडणाची पायरी येतेच, ती टाळायला गेलं की पुढे जाता येत नाही, हे मला माझ्या नव्या टीमकडे बघताना फार उपयोगी पडलं.

कामावर मला झालेला सगळ्यात थेट फायदा हँडओव्हरचा. आमच्याकडे शिफ्ट बदलताना दोघंही घाईत, एकाची बस लागलेली, दुसरा नुकताच आलेला. "काही पेंडिंग आहे का?" "नाही, ठीक आहे सगळं, लॉगबुकमधे आहे." आता आम्ही असं ठेवलंय की जाणारा सांगणार आणि येणारा तेच परत म्हणून दाखवणार, की दोन नंबरच्या एचपीएलसीवर (औषध तपासायचं मशीन) स्टॅबिलिटीचे सॅम्पल लावलेत, रन रात्री साडेअकराला संपेल, कॉलम धुवायचा बाकी आहे. दोन मिनिटं जास्त जातात. विमानात पायलट आणि कंट्रोल टॉवर हेच करतात, सूचना परत म्हणून दाखवल्याशिवाय ती पोहोचली असं धरत नाहीत. सुरुवातीला टीमला हे शाळेसारखं वाटलं, आता आठवण करून द्यावी लागत नाही.

आणि एक, फीडबॅक देण्याचा प्रकार. थॉमस गॉर्डनने मांडलेली पद्धत, समोरच्यावर शिक्का न मारता काय झालं, त्याचा माझ्यावर काय परिणाम झाला ते सांगायचं. "तू नेहमी रिपोर्ट लेट देतोस" च्या ऐवजी "रिपोर्ट पाचला आला की मला चेक करायला पंधरा मिनिटं उरतात आणि डिस्पॅच अडतं". ऐकायला सोपं आहे पण रोलप्लेमधे करताना घाम फुटतो, कारण वाक्य नवं असतं आणि सूर जुनाच असतो. मॅडम सूर पकडतात, ही त्यांची मोठी हातोटी आहे. शब्द बरोबर असले तरी "परत" म्हणतात.

आता जे आवडलं नाही ते.

सगळ्यात मोठी तक्रार बॅचच्या संख्येची. डेमोला सांगितलं दहा-बारा जणं, प्रत्यक्षात सोळा घेतले. ह्या विषयात हा किरकोळ मुद्दा नाही. बारा जणांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात सहासष्ट, सोळा जणांत एकशेवीस, म्हणजे चारच माणसं वाढली आणि नाती जवळपास दुप्पट. हे गणित त्यांनीच आम्हाला शिकवलं, मग स्वतःच्या क्लासला का लावलं नाही? रोलप्लेला प्रत्येकाचा नंबर येत नव्हता, रविवारी तर दोन गट एकाच खोलीत बोलायचे आणि शेजारच्या गटाचा आवाज आपल्याच कानात. मी हे त्यांना समोर बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या बॅचला बाराच घेणार म्हणाल्या. ॲडमिशन घेताना नक्की विचारा.

दुसरं, मॅडम एका आठवड्यात नव्हत्या तेव्हा बदली सर आले होते. त्यांनी पहिलीच स्लाइड लावली की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि बॉडी लँग्वेजचा ५५. हे आकडे तुम्ही पण ऐकले असतील, जिथे तिथे सांगतात. आल्बर्ट मेहराबियनचे १९६७ चे प्रयोग आहेत ते, आणि ते फक्त एवढ्यापुरते होते की शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा समोरच्याला आपल्याबद्दल आवड आहे की नावड हे लोक कशावरून ठरवतात. सगळ्या संवादाला हे लागू नाही असं खुद्द मेहराबियननेच सांगितलंय. आणि साधा विचार करा ना, कॉलम धुवायचा बाकी आहे हे मी ७ टक्के शब्दांत आणि ९३ टक्के हावभावात कसं सांगणार? मी विचारलं तर सर म्हणाले रिसर्च आहे, आणि पुढे गेले. मॅडम परत आल्यावर त्यांनी स्वतः तो विषय काढून दुरुस्त केला, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क, पण जी मंडळी ह्या दुरुस्तीच्या दिवशी नव्हती किंवा नंतर आलीच नाहीत ती तेच आकडे घेऊन गेली.

तिसरं, व्हॉट्सॲप आणि ऑनलाइन मीटिंगबद्दल अगदीच थोडं आहे. आमचे अर्धे गैरसमज हल्ली तिथेच होतात, ह्यावर निदान एक पूर्ण सेशन हवी. भांडण मिटवण्याचा भाग पण शेवटच्या आठवड्यात कोंबलाय, तो विषय एवढा मोठा आणि त्याला एक सकाळ. नोट्स मराठीत आहेत आणि वाचनीय आहेत, टायपिंगच्या चुका मात्र बऱ्याच.

बरेच जण विचारतात की ह्यापेक्षा टोस्टमास्टर्स, म्हणजे भाषणाच्या सरावाचा क्लब, का नाही, ते स्वस्त पडतं. माझी एक चुलत बहीण वाशीला जाते तिथे, मी पाहुणी म्हणून गेले होते, मला छान वाटलं. १९२४ पासून चालू असलेली संस्था, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता ॲनाला राल्फ स्मेडलीने सुरू केली, सगळं शिस्तीत, तयार भाषण पाच ते सात मिनिटांचं, आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं, हिरवा पिवळा लाल दिवा, अं-अं मोजायला एक माणूस, आणि प्रत्येक भाषणाचं मूल्यमापन करणारा दुसरा सभासद. उभं राहून बोलायची भीती घालवायची तर त्याला तोड नाही, आणि चांगला फीडबॅक कसा द्यायचा हे पण तिथे शिकायला मिळतं. पण तिथे एक उभा आणि बाकीचे बसलेले असतात. बसलेल्यांनी मिळून निर्णय कसा घ्यायचा हा वेगळा अभ्यास आहे, तो ह्या बॅचमधे होतो. जमलं तर दोन्ही करा.

ही बॅच कोणासाठी? नवीन टीम लीडर, सुपरवायझर, शाळेतल्या शिक्षिका, सोसायटी कमिटीवाले, बचत गट चालवणाऱ्या, नर्सिंगमधल्या, ज्यांचं काम माणसांच्या साखळीतून होतं अशा सगळ्यांसाठी. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे आणि पटकन तयारी हवी, त्यांच्यासाठी नाही. इंग्लिश सुधारायला येणाऱ्यांची निराशा होईल. आणि जे बोलत नाहीत त्यांनी घाबरू नका, इथे कोणाला जबरदस्तीने उभं करत नाहीत, ती कळव्याची मुलगी शेवटच्या आठवड्यात मॉक मीटिंगची अध्यक्ष होती आणि तिने खणखणीत आवाजवाल्या गृहस्थांना दोनदा थांबवून "तुमचं आलं लक्षात, आता बाकीच्यांचं ऐकूया" असं म्हटलं, ते पण हसून थांबले.

पाचपैकी चार स्टार. अर्धा सोळा जणांसाठी कापला आणि अर्धा त्या स्लाइडसाठी. क्लासवाल्यांना दोन विनंत्या, एक तर बॅच संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी एक फॉलोअप ठेवा, त्याचे वेगळे पैसे घेतले तरी आम्ही येऊ, कारण कामावर वापरायला लागल्यावरच खरे प्रश्न पडतायत. दुसरं, रविवार सकाळची वेळ साडेआठची आहे ती नऊ करा, पनवेल बाजूने येणाऱ्यांना मेगाब्लॉक असला की पोहोचता येत नाही आणि पहिला अर्धा तास गटातली एक खुर्ची रिकामी राहते.